दुसरा सेन्सर जोडण्याआधी : टार्गेट ट्रॅकिंगच्या प्रोजेक्टला हात घालणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की कर्वेनगरात फायनल इयरच्या प्रोजेक्टची कुजबुज सुरू होते. कमिन्स कॉलेजच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर चौघीजणींचे गट वहीत विषयांची यादी करत बसलेले दिसतात. त्या यादीत ‘मल्टी-सेन्सर टार्गेट ट्रॅकिंग अँड डेटा फ्यूजन फॉर सर्व्हेलन्स’ हे नाव वरचेवर असतं. नाव भारदस्त आहे, गाइड खूश होतात, रेझ्युमेवर शोभून दिसतं. पुढे जानेवारीत मात्र गाडी अडते. कॅमेरा चालतो, रडारचं मॉड्यूल चालतं, दोन्ही जोडले की स्क्रीनवरचा ठिपका आधीपेक्षा जास्त उड्या मारायला लागतो. हा लेख ती जानेवारी टाळण्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हा गणिताचा विषय आहे. ज्यांच्या नावाने हा परिसर ओळखला जातो ते धोंडो केशव कर्वे १८९१पासून फर्ग्युसन कॉलेजात गणितच शिकवत होते, आणि त्यांच्याच संस्थेने १९९१मध्ये इथे मुलींचं हे इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. तेव्हा मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी यांची धास्ती निदान या पत्त्यावर तरी नको. दुसऱ्या वर्षाचं लिनिअर अल्जिब्रा आणि रँडम व्हेरिएबल्सचा धडा पुन्हा काढलात, तर निम्मी तयारी झाली.

विषयाचं महत्त्व कळायला मुंबईच्या किनाऱ्यावरचं एक प्रकरण पुरेसं आहे. ‘पवित’ नावाचं मालवाहू जहाज जून २०११च्या अखेरीस ओमानच्या बाजूला बंद पडलं. खलाशांची ब्रिटिश नौदलाने सुटका केली, जहाज तसंच सोडून दिलं गेलं आणि ते बुडालंच असणार असं धरलं गेलं. ३१ जुलैला तेच जहाज, आत चिटपाखरू नसताना, जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. २६/११ला तीन वर्षंही झाली नव्हती. नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस असं तीन पदरी कडं होतं, तरी जहाज कोणाच्या लक्षात आलं नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा यंत्रणेला धारेवर धरलं. आपण ते प्रकरण ट्रॅकिंगच्या भाषेत वाचू. जहाज आपली ओळख आणि जागा ज्या रेडिओ संदेशाने सांगतं तो एआयएस मालकाच्या सहकार्यावर चालतो. बेवारस जहाजाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. रडार सहकार्य मागत नाही, पण जुलैच्या खवळलेल्या समुद्रात लाटांचेच परतावे इतके येतात की त्यातून जहाज वेगळं काढणं कठीण, आणि किनाऱ्यावरची रडारची साखळी तेव्हा अजून उभी होत होती. तिसरी चूक माणसांची. ‘बुडालं असेल’ म्हणून ट्रॅक मनातून पुसला गेला. शेवटची जागा, वारा आणि प्रवाह धरून अंदाज पुढे सरकवत नेला असता, दिवसागणिक त्याभोवतीचं अनिश्चिततेचं वर्तुळ वाढवत ठेवलं असतं, तर कुठे शोधायचं हे निदान कळलं असतं.

त्यानंतर चित्र बरंच बदललं. पहिल्या टप्प्यात देशाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर ४६ ठिकाणी रडार, कॅमेरे आणि एआयएस रिसीव्हर बसले. त्यांची माहिती जिथे एकत्र येते त्या गुरुग्रामच्या केंद्राचं उद्घाटन नोव्हेंबर २०१४मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केलं. तरी कोकणातला प्रश्न पुरता सुटलेला नाही. एआयएसची सक्ती २० मीटरहून लांब नौकांना आहे. हर्णै किंवा साखरी नाट्याच्या बंदरातून निघणाऱ्या असंख्य होड्या त्याहून लहान, लाकडी किंवा फायबरच्या, म्हणजे रडारलाही फिकट दिसणाऱ्या. ‘रडारवर दिसतं, एआयएसवर नाही’ अशा ठिपक्यांचं काय करायचं, हा आजही जिवंत संशोधनाचा प्रश्न आहे आणि तुमच्या प्रोजेक्टला तो हवा तेवढा लहान करता येतो.

लहान करणं हीच पहिली पायरी. ‘सर्व्हेलन्स सिस्टिम बनवणार’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. ‘एका मैदानात फिरणाऱ्या एका स्कूटरचा माग एक कॅमेरा आणि एक रडार मॉड्यूल मिळून किती अचूक ठेवतात, आणि कॅमेरा पाच सेकंद झाकला तर काय होतं’, एवढं लिहा. एक्स्टर्नलला हे किरकोळ वाटेल अशी भीती असते. ज्याने हे काम स्वतः केलंय त्याला ते मुळीच किरकोळ वाटत नाही.

आता सेन्सरचा स्वभाव. रडार अंतर चांगलं सांगतं, दिशा ढोबळ सांगतं. कॅमेऱ्याचं उलट. समजा लक्ष्य ५ किलोमीटरवर आहे. रडारच्या अंतरात १५ मीटरची चूक आणि दिशेत १ अंशाची. एक अंश ऐकायला थोडा वाटतो, पण ५ किलोमीटरवर तो आडवा ८७ मीटर होतो. म्हणजे रडारच्या मते लक्ष्य एका लांबट, आडव्या पट्टीत कुठेतरी आहे. कॅमेऱ्याची दिशेतली चूक ०.०५ अंश धरली तर आडवी चूक साडेचार मीटरच्या आत येते, पण अंतराबद्दल तो गप्प. दोघांचं म्हणणं एकत्र केलं की ती पट्टी १५ बाय साडेचार मीटरच्या ठिपक्यात आकसते. फ्यूजनचा खरा फायदा इथे आहे. एकाच जातीचे दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावून हा फायदा मिळत नाही. तेव्हा सेन्सर निवडताना किंमत आणि रिझोल्यूशन पाहण्याआधी हे विचारा की एकाची कमजोरी दुसऱ्याची ताकद आहे का.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि रिपोर्टमध्ये सगळ्यात कमी पानं मिळणारा भाग : वेळ. वेबकॅमची फ्रेम लॅपटॉपवर पोचेपर्यंत बफरमध्ये अडकते. १००-१५० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. रडारचं मॉड्यूल सीरियल पोर्टवरून वेगळ्याच चालीने येतं. स्कूटर ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर १५० मिलिसेकंदांत ती पावणेदोन मीटरच्या जवळपास पुढे गेलेली असते. विमान सेकंदाला २३० मीटर जात असेल तर हीच चूक ३५ मीटरची. तुमचा कोड डेटा मिळाला त्या क्षणाचा टाइमस्टॅम्प लावतो, तर हवा असतो मोजमाप झालं तो क्षण. या फरकापायी कितीतरी प्रोजेक्ट ‘फिल्टर ट्यून होत नाही’ म्हणून रडतात, आणि फिल्टर बिचारा निर्दोष असतो.

उपाय स्वस्त आहे. तपकीर गल्लीतून एक ईएसपी-३२ बोर्ड आणि एक चांगला लखलखीत एलईडी आणा. पुठ्ठ्याचे तीन चौकोन एकमेकांना काटकोनात चिकटवून त्यांना आतून ॲल्युमिनिअम फॉइल लावा. हा झाला कॉर्नर रिफ्लेक्टर, रडारला लख्ख दिसणारा. फॉइल सुरकुतू देऊ नका आणि काटकोन गुण्याने तपासा. कोन थोडा जरी चुकला तरी परतावा झपाट्याने घटतो. एलईडी त्याच्याच कडेला बसवा. बोर्ड ज्या क्षणी एलईडी पेटवतो तो क्षण फाइलमध्ये लिहितो, कॅमेऱ्याच्या कोणत्या फ्रेममध्ये तो पेटलेला दिसतो ते तुम्ही शोधता, आणि कॅमेऱ्याचा उशीर हातात येतो. मग तोच रिफ्लेक्टर हातात धरून पुढे-मागे झपझप हलवा. कॅमेऱ्यातली हालचाल आणि रडारवरची हालचाल यांचे आलेख एकमेकांवर सरकवून जुळवा, रडारचा उशीर मिळाला. अख्खी दुपार जाते, पण पुढचे दोन महिने वाचतात. हा आलेख रिपोर्टमध्ये जरूर छापा.

वेळेनंतर जागा. दोन्ही सेन्सर एकाच चौकटीत बोलले पाहिजेत. मैदानावर मापाच्या टेपने मोजलेल्या आठ-दहा जागी रिफ्लेक्टर ठेवा आणि प्रत्येक सेन्सर काय म्हणतो ते लिहून घ्या. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकत असतील तर तो बायस आहे, नॉइज नव्हे, आणि कितीही सरासरी काढली तरी तो जाणार नाही. तो आधी वजा करावा लागतो. जीपीएस वापरणार असाल तर अक्षांश-रेखांशावर थेट फिल्टर चालवू नका. पुण्याच्या साडेअठरा अंशांवर एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०५.६ किलोमीटर आणि एक अंश अक्षांश ११०.७. दोन्ही सारखे धरले की प्रत्येक दिशा थोडी वाकडी होते. स्थानिक पूर्व-उत्तर मीटरमध्ये बदला आणि मगच पुढे जा. उंची वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. विमान एडीएस-बी या आपल्या रेडिओ संदेशातून जी उंची सांगतं ती सहसा हवेच्या दाबावरून, १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढलेली असते. उपग्रहावरून आलेली उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त वेगळी निघते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, पण ते एकाच रकान्यात टाकले की घोळ होतो.

आता कुठे काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांचा पेपर १९६०चा. लायब्ररीतून तयार फंक्शन उचलण्याआधी एका मितीतला फिल्टर स्वतः लिहा, चाळीस-पन्नास ओळींत होतो. कल्पना साधी आहे. दोन मोजमापांच्या चुका ३ मीटर आणि ४ मीटर असतील आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर चुकांच्या वर्गांच्या व्यस्तांची बेरीज करून एकत्रित अंदाजाची चूक २.४ मीटर येते, म्हणजे दोघांतल्या चांगल्यापेक्षाही कमी. हे स्वतः कागदावर करून बघा. फिल्टर हेच प्रत्येक पावलाला करतो. आधीचा अंदाज पुढे सरकवतो, त्याची अनिश्चितता वाढवतो, नवीन मोजमाप आलं की दोघांचा तोल साधतो. हा तोल ठरतो तुम्ही दिलेल्या क्यू (मॉडेलची अनिश्चितता) आणि आर (मोजमापाची चूक) या मॅट्रिक्सवर. त्यांत यूट्यूबवरच्या व्हिडिओतले आकडे घालू नका. आर तुमच्या मैदानावरच्या मोजमापांतून काढा. फिल्टर खरं बोलतोय का हे तपासायला एनआयएस नावाचं माप आहे : अंदाज आणि मोजमाप यांतला फरक अपेक्षित अनिश्चिततेच्या तुलनेत किती, हे ते सांगतं. दोन मितींचं मोजमाप असेल तर त्याची सरासरी २च्या आसपास यायला हवी. ती २०० आली तर तुमचा फिल्टर फाजील आत्मविश्वासात आहे. ०.२ आली तर उगाच घाबरट आहे. स्कूटर वळते तेव्हा एकसमान वेगाचं मॉडेल फसणारच. तिथे ब्लॉम आणि बार-शालोम यांची १९८८ची आयएमएम पद्धत वाचा, पण आधी साधं मॉडेल कुठे फसतं ते दाखवा.

लक्ष्य एकापेक्षा जास्त झाली की कोणतं मोजमाप कोणाचं, हा प्रश्न पडतो. इथे आपल्याच मातीतलं एक साधन सगळे वापरतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६मध्ये मांडलेलं अंतर. साधं अंतर मीटर मोजतं, महालनोबिस अंतर अनिश्चितता जमेस धरून मोजतं. मघाच्या लांबट पट्टीत आडवं ४० मीटर दूर असणं क्षम्य आहे, पण तेवढंच उभं दूर असणं संशयास्पद, हे त्याला कळतं. दोन मितींत या अंतराचा वर्ग ९.२१च्या आत असलेलीच मोजमापं दारातून आत घ्यायची, म्हणजे खरं मोजमाप ९९ टक्के वेळा आत येतं. आत आलेल्यांतून जोड्या लावायला हंगेरियन पद्धत सुरुवातीला पुरते. जेपीडीए आणि एमएचटी ही पुढची घराणी आहेत. एमटेकला किंवा पीएचडीला जाणाऱ्यांनी त्यांच्याकडे वळावं. बीईच्या प्रोजेक्टमध्ये त्यांची नुसती नावं घालून व्हायवात अडकू नये.

चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या योलो या मॉडेलबद्दल एक कडू शब्द. कॅमेऱ्याच्या चित्रावर योलोचे चौकोन दाखवणं म्हणजे डिटेक्शन. माग ठेवणं पुढे सुरू होतं, फ्यूजन त्याच्याही पुढे. डिटेक्शनला पाच महिने आणि फ्यूजनला शेवटचा आठवडा दिलेला प्रोजेक्ट एक्स्टर्नलला पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

प्रत्येक सेन्सरने स्वतःचा ट्रॅक बनवायचा आणि मग ट्रॅक जोडायचे, अशी रचना मोठ्या यंत्रणांत असते. तिथे एक छुपा खड्डा आहे. चाळीत एकीने पसरवलेली बातमी चार दारांतून फिरून आली की चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, तसंच इथे होतं. एकच मोजमाप दोन मार्गांनी दोनदा मोजलं गेलं की ३ मीटरची चूक कागदावर २.१ मीटर होते आणि प्रत्यक्षात ३च राहते. सायमन ज्युलिअर आणि जेफ्री उलमन यांनी १९९७मध्ये यावर कोव्हेरिअन्स इंटरसेक्शनची पद्धत दिली. परस्परसंबंध माहीत नसला तरी ती खोटा आत्मविश्वास दाखवत नाही. बदल्यात ती थोडी कंजूष वाटते, चूक फारशी कमी करत नाही. टेहळणीत हा कंजूषपणा मला परवडतो.

तपासणीशिवाय आकड्यांना अर्थ नाही, आणि तपासणीला खरी जागा माहीत हवी. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली काही मीटर चुकतो, इमारतींच्या कडेने आणखी. ज्या यंत्रणेची चूक अर्ध्या मीटरची आहे असं तुम्ही म्हणता, ती फोनच्या जीपीएसने तपासता येत नाही. आरटीके जीपीएस मिळाला तर उत्तम, नाही तर मैदानावर चुन्याने मार्ग आखा, खुणांवर वेळ नोंदवा. मग चार आकडे शेजारी छापा : नुसता कॅमेरा, नुसतं रडार, दोन्ही, आणि दोन्ही पण एक अधूनमधून बंद. चौथा आकडा सगळ्यात बोलका असतो. ओळख किती वेळा अदलाबदल झाली, ट्रॅक किती वेळा तुटला, खोटे ट्रॅक किती, हेही सांगा. अनेक लक्ष्यांसाठी ओएसपीए नावाचं माप २००८पासून रूढ आहे.

उपकरणं जमत नसतील तरी काम अडत नाही. ओपनस्काय नेटवर्क संशोधनासाठी विमानांचा डेटा देतं, अमेरिका आणि डेन्मार्कच्या सरकारी संस्था जहाजांचा एआयएस डेटा खुला ठेवतात, न्यूसीन्समध्ये कॅमेरा, रडार आणि लायडार एकत्र नोंदवलेले एक हजार प्रसंग आहेत, बॉस्टन आणि सिंगापूरच्या रस्त्यांवरचे. कर्वे रस्त्यावर उलट्या दिशेने येणारी दुचाकी त्यात शोधू नका. ब्रिटनच्या संरक्षण प्रयोगशाळेने पायथनमध्ये स्टोन सूप नावाचं मुक्त सॉफ्टवेअर काढलंय. स्वतःचा फिल्टर लिहून झाला की त्याच्याशी ताडून पाहा. पुस्तकांत बार-शालोम, ली आणि किरुबराजन यांचं २००१चं पुस्तक पाया घालतं, आणि बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये काम केलेल्या जे. आर. राओल यांचं मॅटलॅबसह मल्टी-सेन्सर डेटा फ्यूजनवरचं पुस्तक हाताशी असावं.

आता परवानग्यांचं. कर्वेनगर चौकातल्या पुलाखाली ट्रायपॉड लावून लोकांच्या गाड्या चित्रित करू नका. चेहरा आणि नंबरप्लेट ही लोकांची वैयक्तिक माहिती आहे, २०२३पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं २०१७मध्येच सांगितलंय. कॉलेजचं मैदान, तुमचीच स्कूटर, तुमचीच मैत्रीण, तिची लेखी संमती, एवढ्यात सगळं बसतं. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात येते ते पाहा. वारज्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, ईशान्येला लोहगावचा हवाई तळ. रेडिओ रिसीव्हर आणि रडार मॉड्यूल घेण्यापूर्वी त्या फ्रिक्वेन्सीला परवाना लागतो का, हे गाइडकडून लेखी स्पष्ट करून घ्या.

पुढची वाट पुण्यातच आहे. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्याला लागलात की खडकवासल्याच्या पुढे गिरीनगरला डीआयएटी लागतं. १९५२मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट स्टडीज म्हणून सुरू झालेली ही संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे, गेटच्या गुणांवर तिथे एमटेक करता येतं. पण खरं सांगायचं तर पहिली नोकरी बहुतेकींना संरक्षण क्षेत्रात मिळणार नाही, वाहन उद्योगात मिळेल. गाडीतला ब्रेक कॅमेरा आणि रडार मिळून लावतात तेव्हा आतलं गणित हेच असतं, आणि कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेपासून हिंजवडीच्या कंपन्यांपर्यंत त्या कामाला माणसं लागतात. इंटरव्ह्यूला ‘मी फ्यूजन केलं’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्या कॅमेऱ्याचा उशीर इतके मिलिसेकंद होता आणि तो मी असा मोजला’ असं म्हणा. पुढचे प्रश्न आपोआप तुमच्या मैदानावर येतील.

पहिल्या रिव्ह्यूला एकच सेन्सर, एकच लक्ष्य आणि एनआयएसचा आलेख घेऊन जा. दुसरा सेन्सर दिवाळीनंतर जोडला तरी चालतो.